कळलावी : नावांची साक्ष व लागवडीची रीत

वनस्पतींच्या देशी नावांचा विचार करताना बहुधा दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. वनस्पतिशास्त्रज्ञ देशी नाव हे अनिश्चित, स्थलपरत्वे बदलणारे व म्हणून शास्त्राच्या उपयोगाचे नाही असे मानतो. आणि भाषेचा अभ्यासक नावाची व्युत्पत्ती लावून मोकळा होतो, ते नाव ज्या वस्तूचे आहे ती त्याने डोळ्यांनी पाहिलेली असतेच असे नाही. कोकणच्या व सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणारी कळलावी या दोन्ही भूमिकांतील उणीव उघड करते. तिच्या अनेक नावांपैकी जवळजवळ प्रत्येक नाव तिच्या एखाद्या अवयवाकडे अथवा गुणाकडे बोट दाखविते, आणि ज्याला ती बागेत लावावयाची आहे त्याला हवी असलेली पुष्कळशी माहिती त्या नावांत आधीच नमूद झालेली आहे. काही नावे मात्र दिशाभूल करणारी आहेत, आणि ही दिशाभूल जिवावर बेतण्यासारखी आहे.

लिनिअसने १७५३ मध्ये या वनस्पतीस ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिले. पूर्वी तिची गणना पलांडू कुलात होत असे. आता ती कॉल्चिकम या वनस्पतीवरून नाव पडलेल्या कॉल्चिकेसी कुलात घालतात. आफ्रिकेपासून भारत व श्रीलंकेवरून आग्नेय आशियापर्यंत तिचा विस्तार आहे. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे व तमिळनाडूचे राज्यफूल. महाराष्ट्रात ती पानझडीच्या रानांच्या कडेला, करवंदीच्या जाळ्यांतून, शेताच्या कुंपणांवर व घाटातील झुडपांत आढळते. ती बहुवर्षायू आहे. परंतु जमिनीवर तिचे अस्तित्व वर्षातून जेमतेम पाचसहा महिनेच असते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर कोंब वर येतो, श्रावण-भाद्रपदात फुले येतात, दिवाळीच्या सुमारास बोंडे तडकतात, आणि मार्गशीर्षापर्यंत वेल वाळून नाहीसा होतो. उरलेला काळ ती कंदरूपाने भूमिगत असते.

नावांचा सर्वांत समृद्ध संग्रह सोळाव्या शतकातील भावप्रकाशाच्या निघंटूत सापडतो. तेथे कलिहारी, हलिनी, लांगली, शक्रपुष्पी, विशल्या, अग्निशिखा, अनन्ता, वह्निवक्त्रा व गर्भनुत् अशी नऊ नावे एकत्र दिली आहेत. अमरकोशाच्या वनौषधिवर्गातही लांगलिकी व अग्निशिखा ही नावे शेजारी शेजारी येतात. यांतील अग्निशिखा व वह्निवक्त्रा ही फुलाची नावे होत हे सांगावयास नको. पण ती किती नेमकी आहेत हे फूल हातात घेतल्यावाचून ध्यानी येत नाही. कळलावीचे फूल देठावर खाली मान घालून लोंबते. असे फूल ज्वाळेसारखे दिसावे कसे? त्याच्या सहाही पाकळ्या पूर्णपणे मागे वळतात व त्यांची टोके आकाशाकडे होतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. तळाशी पिवळा व टोकाशी लाल असा रंग असतो, आणि फूल जुने होत जाईल तसतसा लाल रंग सर्व पाकळी व्यापतो. खालून वर निमुळती होत जाणारी, तळाशी पिवळी व शेंड्याशी तांबडी, हलती अशी ज्वाळाच ती. बंगालीत या फुलाच्या एका नावात ‘उलट’ हा शब्द आला आहे, तो याच रचनेस उद्देशून. ज्यांनी ही नावे दिली त्यांनी फूल लांबून पाहून उपमा केलेली नाही.

तथापि बागाइताच्या दृष्टीने अग्निशिखेपेक्षा लांगली हे नाव अधिक मोलाचे आहे. लांगल म्हणजे नांगर; हलिनी हा त्याचाच पर्याय. हे नाव कंदास उद्देशून आहे. कळलावीचा पूर्ण वाढलेला कंद गोल किंवा लांबट गड्ड्यासारखा नसतो. त्याच्या दोन भुजा असतात व त्या एका सांध्यापाशी कोनात जुळलेल्या असतात, जसा नांगराचा इसाड व खोड यांचा सांधा असावा. तमिळमधील कलप्पैक्किळंगु या नावाचा अर्थही ‘नांगराचा कंद’ असाच आहे. दोन भिन्न कुलांतील भाषांना एकच उपमा सुचावी, यात उसनवारी असेल वा नसेल, पण दोन्हीकडील लोकांनी ही वनस्पती खणून पाहिली होती एवढे त्यावरून निश्चित ठरते.

या नांगराची रचना समजली की लागवडीतील निम्म्या चुका टळतात. प्रत्येक भुजेच्या टोकास एकच डोळा असतो, आणि कोंब तेथूनच निघतो. बटाट्यास किंवा सुरणास जसे अनेक ठिकाणी डोळे असतात तसे येथे नाहीत. म्हणून टोक मोडलेला कंद कितीही मोठा व टवटवीत दिसला तरी त्यातून बहुधा काहीच उगवत नाही. कंद ठिसूळ असतो. तो विळीने कापून बटाट्याच्या फोडींप्रमाणे लावण्याचा मोह ज्यांना होतो त्यांच्या हाती कुजलेले तुकडे तेवढे लागतात. मात्र सांध्यापाशी दोन्ही भुजा हलक्या हाताने विलग केल्या व दोन्ही टोके शाबूत राहिली, तर एका कंदापासून दोन वेल मिळतात. विलग केलेल्या जागी राख किंवा कोळशाची पूड लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावे आणि मगच कंद मातीत ठेवावा.

दुसरी गोष्ट अशी की, गेल्या वर्षीचा कंद या वर्षी टिकत नाही. नव्या कोंबाच्या बुडाशी नवा नांगर तयार होतो आणि जुना त्याला अन्न पुरवून सुकून जातो. तेव्हा ‘बहुवर्षायू’ या विशेषणाचा अर्थ येथे जरा वेगळा घ्यावा लागतो: वनस्पती टिकते, पण तिचा कोणताही अवयव दोन वर्षांपलीकडे टिकत नाही. नवा कंद जुन्याच्या टोकाशी होत असल्यामुळे वेल दरवर्षी थोडा पुढे सरकतो, आणि पहिल्या वर्षी जेथे खूण केली तेथे चौथ्या वर्षी तो उगवेलच असे नाही. कुंडीत हा प्रवास काठापाशी अडतो व टोक दाबले जाते. म्हणून कुंडी रुंद हवी, निदान तीस सेंटिमीटर व्यासाची, आणि दोन-तीन वर्षांनी कंद काढून पुन्हा मध्यभागी ठेवावा.

लागवडीची वेळ वैशाखाचा शेवट किंवा ज्येष्ठाचा आरंभ, म्हणजे पाऊस पडण्यापूर्वीचे पंधरा दिवस. कंद आडवा ठेवावा, टोके किंचित वर येतील असा, आणि त्यावर आठ ते दहा सेंटिमीटर माती येईल इतक्या खोलीवर. रानात ही वनस्पती जांभ्याच्या खडीत, पालापाचोळ्याच्या थरात व उतारावर वाढते. या तिन्ही परिस्थितींत समान असलेली गोष्ट एकच: पाणी साचत नाही. चिकण काळ्या मातीत लावावयाची झाल्यास खड्डा खोल खणून त्यात निम्मी वाळू अथवा बारीक खडी व जुना कुजलेला पाला मिसळावा. ताजे शेणखत टाळावे. त्याने पाने माजतात व कंद कुजण्याचा संभव वाढतो. ऊन कितपत द्यावे याचे उत्तर रानाच्या कडेकडे पाहिल्यास मिळते. वेलाचे बूड झुडपांच्या सावलीत असते व शेंडा उन्हात पोचलेला असतो. दाट सावलीत वेल वाढतो पण फुलत नाही. उघड्या, तापणाऱ्या भिंतीशी लावल्यास जमीन सुकून पाने करपतात.

आधाराच्या बाबतीत बागांतून नेहमी एक गैरसमज आढळतो. वेल म्हटला की लोक जाड खांब किंवा बांबू पुरतात. कळलावी खोडाने गुंडाळत नाही, आणि तिला द्राक्षवेलीप्रमाणे स्वतंत्र ताणेही नाहीत. पानाचे टोकच लांबून, वळून ताण्याचे काम करते. आणि ते इतके आखूड असते की पेन्सिलीहून जाड वस्तूस त्याचा वेढा बसत नाही. तेव्हा आधार बारीक हवा. कुडासाठी वापरतात तशा कारवीच्या काठ्यांची विरळ जाळी, किंवा वाळलेल्या झुडपाच्या डहाळ्या उभ्या केल्या तर वेल आपल्या आपण दोन मीटरपर्यंत चढतो. त्याहून उत्तम म्हणजे एखाद्या मध्यम उंचीच्या झुडपाशेजारीच कंद लावणे. कोंब लहान असताना आधार लावून घ्यावा, कारण शेंडा अत्यंत ठिसूळ असतो व तो मोडला तर त्या वर्षीचा फुलोरा गेला असेच समजावे.

पावसाळ्यात पाणी घालण्याची गरज क्वचित पडते; आठवडाभर उघडीप पडली तरच घालावे. कीड म्हणून लक्ष ठेवावे लागते ते प्रामुख्याने एका सुरवंटावर. पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाचे नाव या वेलावरूनच पडले आहे, आणि त्याच्या काळपट, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या एकदा जमल्या की दोन-तीन दिवसांत सर्व पाने फस्त करतात. पानांच्या मागील बाजू सकाळी तपासून अळ्या वेचून काढणे एवढाच उपाय घरच्या बागेस पुरतो. पाने गेली तर फुले तर जातातच, पण त्याहून मोठे नुकसान जमिनीखाली होते: अन्नाअभावी नवा कंद लहान राहतो, आणि लहान कंदाचा वेल पुढील वर्षी फुलत नाही.

आता ज्या नावाने ही वनस्पती मराठीत सर्वत्र ओळखली जाते त्याकडे वळावयास हवे. कळलावी हा कळ व लावणे यांपासून झालेला कर्तृवाचक सामासिक शब्द आहे. त्याचे पुल्लिंगी रूप ‘कळलाव्या’ हे नारदाच्या विशेषणामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. घरबुडव्या व घरबुडवी ही जोडी याच घडणीची. अडचण आहे ती पूर्वपदाची. मराठीत कळ हा शब्द भांडण या अर्थी येतो, जसे कळ लावणे, कळ काढणे. आणि तोच शब्द वेदना या अर्थीही येतो, जसे पोटात कळ येणे, बाळंतपणाच्या कळा. या दोन अर्थांमुळे एकाच नावाभोवती दोन निरनिराळ्या समजुती उभ्या राहिल्या आहेत. एक अशी की, हे फूल घरात आणले की घरात भांडण लागते. साळूच्या काट्याविषयी असते तशीच ही समजूत. दुसरी म्हणजे प्रसूतीच्या कळा सुरू होण्यासाठी या कंदाचा लेप लावण्याची जुनी रूढी.

यांत मूळ अर्थ कोणता? भावप्रकाशातील गर्भनुत् व विशल्या ही नावे येथे निर्णायक वाटतात. गर्भनुत् म्हणजे गर्भास बाहेर लोटणारी; आणि शरीरात अडकलेला मृत गर्भ हेही वैद्यकात शल्यच मानले गेल्याने विशल्या या नावाचा रोखही तिकडेच असला पाहिजे. वेदनेचा अर्थ सांगणारी नावे दुसऱ्या भाषेतही आहेत: तमिळमधील कण्वलिक्किळंगु म्हणजे शब्दशः ‘डोळेदुखीचा कंद’. उलट पक्षी कलिहारी या नावातील ‘कलि’ भांडणाचा वाचक आहे असे कोणी दाखवील. परंतु निघंटूंतील अनेक नावे लोकभाषेतून उचलून संस्कृताच्या साच्यात बसविलेली असतात, आणि हे नावही त्यांपैकी असावे असे मानण्यास जागा आहे. एकंदरीत, नाव वेदनेवरून पडले आणि भांडणाची समजूत त्या नावातून मागाहून निघाली, हा क्रम अधिक संभाव्य होय. शब्दाने समजूत निर्माण केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. कर्नाटकात याच फुलास गौरीचे फूल म्हणतात, आणि गोव्यात गणपतीपुढील माटोळीत ते बांधले जाते. तेथे घरोघरी भांडणे लागतात असा अनुभव नाही.

समजूत निरुपद्रवी वाटली तरी वेलास ती बाधते. भांडणाच्या भयाने कुंपणावरचा वेल ऐन श्रावणात उपटला की खोड तुटते, कंद खालीच राहतो, आणि लोकांना वाटते की वेलाचे काही बिघडले नाही. प्रत्यक्षात त्या वर्षीचा नवा कंद अपुरा राहिलेला असतो. असे लागोपाठ तीन-चार वर्षे झाले की तो वेल पुन्हा दिसत नाही. रानातून औषधासाठी कंद खणून नेणाऱ्यांमुळे होणारी हानी याहून अधिक आहे हे खरे. म्हणूनच बागेसाठी कंद रानातून न आणता रोपवाटिकेतून घ्यावा किंवा बियांपासून वेल तयार करावा. बियांचा मार्ग लांबचा आहे. उगवण अनियमित असते, काही बिया महिना-दीड महिन्यात तर काही पुढच्या पावसाळ्यात रुजतात. पहिल्या वर्षी बोटभर उंचीचे रोप व वाटाण्याएवढा कंद एवढेच मिळते, आणि फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पण एका बोंडात बिया पुष्कळ असतात.

बोंड धरण्यासाठी माणसाच्या हाताची मदत लागते ती फुलाच्या रचनेमुळे. कुक्षीची दांडी तळाशीच काटकोनात वळून बाजूला जाते व पुंकेसर दुसरीकडे पसरलेले असतात, त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर सहज पडत नाही. रानात फुलपाखरे हे काम करतात. तमिळनाडूत करूर, दिंडिगुल, तिरुप्पूर व नागपट्टिणम या जिल्ह्यांत बियांसाठी या वेलाची शेती होते, आणि तेथे सकाळच्या वेळी शेतकरी फुलाफुलावर हाताने परागण करतात. घरच्या चार वेलांसाठी मऊ कुंचला पुरेसा आहे. शक्य तर पराग दुसऱ्या वेलाच्या फुलातून घ्यावा.

या शेतीचे कारण बियांतील कॉल्चिसीन हे द्रव्य. १८२० मध्ये पेल्तिए व काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कॉल्चिकममधून प्रथम वेगळे केले. संधिवाताच्या एका प्रकारावर ते आजही औषध म्हणून देतात, आणि पेशीविभाजन थांबविण्याच्या त्याच्या गुणामुळे वनस्पतिप्रजननात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी ते वापरतात. हाच गुण त्यास घातक विष बनवितो. वेलाचे सर्व भाग विषारी आहेत, कंद व बिया सर्वांत अधिक. पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात, नंतर एकेक इंद्रिय निकामी होऊ लागते. जे वाचतात त्यांचे केस पुढे गळतात. शिजविल्याने हे विष नाहीसे होत नाही, व त्यावर सहज उपलब्ध असा उतारा नाही. आयुर्वेदानेही लांगलीची गणना उपविषांत केली आहे. प्रसूतीसाठी लेप करण्याची वर सांगितलेली रूढी भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणून मोलाची आहे. आचरणात आणण्याजोगी ती मुळीच नाही.

येथेच नावांची दुसरी, धोक्याची बाजू पुढे येते. कळलावीस काही ठिकाणी खड्यानाग, नागकऱ्या, क्वचित बचनागही म्हणतात. बचनाग हा मूळ वत्सनाभ. वत्सचे बच्छ, मग बच, आणि नाभ या अपरिचित पदाच्या जागी ओळखीचा व विषाशी निगडित असा नाग. वस्तुतः वत्सनाभ ही हिमालयातील अगदी निराळ्या कुलातील वनस्पती आहे व तिचे विष हृदयावर जलद परिणाम करणारे, तेव्हा उपचारही निराळा. तेलुगूत कळलावीस अडविनाभि, म्हणजे रानातील नाभी, म्हणतात. तेथे निदान भेददर्शक विशेषण तरी जोडले आहे. वाघनखी या नावाचीही तीच गत. ते मेक्सिकोहून आलेल्या व विंचू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तणासही लावतात. एखाद्याने ‘बचनाग खाल्ला’ असे रुग्णालयात सांगितले तर वैद्याने काय समजावे? श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणून कळलावी रताळी, कोनफळ किंवा सुरण यांच्या वाफ्याजवळ कधीही लावू नये. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. आणि लहान मुलांचा वा गुरांचा वावर असेल तेथे ती कुंपणाच्या आत असावी. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी कंद सोबत नेण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे की ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत ही वनस्पती उपद्रवी तण ठरली आहे.

कार्तिकात पाने पिवळी पडू लागली की पाणी बंद करावे. हिरवा वेल कापू नये. तो वाळेपर्यंत कंदात अन्न साठत असते. जमिनीतील कंद पाण्याचा निचरा चांगला असल्यास तेथेच ठेवावा. कुंडी असल्यास ती पावसाच्या आरंभापर्यंत कोरड्या, सावलीच्या जागी आडवी करून ठेवता येते. काढलेले कंद कोरड्या वाळूत, एकमेकांस लागणार नाहीत असे रचावेत व महिन्यातून एकदा पाहून कुजलेले वेगळे करावेत. ही पेटी स्वयंपाकघरापासून दूर, कुलपात असावी. कुंडीत या सहा महिन्यांत वर काहीच दिसत नसल्याने ती रिकामी समजून दुसरे रोप लावले जाण्याचा किंवा माती ओतून टाकली जाण्याचा संभव असतो. तेव्हा कुंडीवर व पेटीवर पाटी हवी. पाटीवर कळलावी हे नाव व त्याखाली ग्लोरिओसा सुपर्बा हे शास्त्रीय नाव लिहावे, आणि ‘विषारी’ हा शब्द दोहोंहून मोठ्या अक्षरात.